काचेखालची चिठ्ठी

झुंबर आत्याने कुलूप आधी घेतलं. खोली घ्यायची अजून बाकी होती. फुले मार्केटातून पंचेचाळीस रुपयांचं, सात लिव्हरचं. एक चावी तिने गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात ओवली, दुसरी माझ्याकडे दिली. आई भाकरी थापत होती. म्हणाली, दाराचा पत्ता नाही नि कुलूप आलं घरात. आत्याने कुलूप दोनदा लावून-उघडून पाहिलं. नवरा गेल्यापासून अकरा वर्षं ती आमच्याकडेच राहत होती, आणि आईचं असलं बोलणं तिला पंख्याच्या आवाजासारखं झालं होतं. चालू आहे तर चालू आहे. मला तसं जमायचं नाही. मी ताट सरकवून उठायचो, मग आई म्हणायची, पाहा, हिच्यापायी पोरगाही उपाशी जातो.

खोली पिंप्राळ्यातच होती, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. एक खोली, पुढे ओटा, वर पत्रे, दाराशी नळ. रेल्वेतून रिटायर झालेल्या एका माणसाची होती. दोन हजार बयाणा दिलेला. बाकीचे बहात्तर हजार फेब्रुवारी संपायच्या आत द्यायचे, नाहीतर बयाणा बुडणार आणि खोली दुसऱ्याला जाणार. नवऱ्याच्या विम्याचे आणि केळ्याच्या गाडीवर साठवलेले मिळून आत्याजवळ पासष्ट हजार होते. सात कमी पडत होते.

ते सात मी काढून देतो, असं मी म्हणालो. नव्व्याण्णव साल नुकतंच लागलं होतं.

आत्याची हातगाडी स्टेशन रोडला एका बिल्डिंगखाली उभी राहायची. त्याच बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर लीलाधर भाऊंचं शेअरचं ऑफिस होतं. गच्चीवर मोठी छत्री, आत एक टर्मिनल, आणि मुंबईचा भाव त्याच सेकंदाला इथे जळगावात दिसायचा. नववीत सरांनी मला डस्टर फेकून मारला, तो मी परत त्यांना मारला, तेव्हापासून शाळेचा आणि माझा संबंध संपला होता. दीड वर्षं मी रोज त्या ऑफिसात जाऊन बसायचो. शाळेतली एकच गोष्ट कामाला आली, ग्राफचा कागद. दर पाच मिनिटांनी भाव पाहायचा आणि टिंब द्यायचं.

बाकीचे लोक भाव वाढला की घ्यायचे. मी पाहायचो, किती वेळा त्याच जागेवर येऊन परत गेलाय. एखादा शेअर सकाळपासून एकाच भावाला डोकं आपटतो आणि खाली येतो, पण प्रत्येक वेळी थोडा कमी खाली येतो. म्हणजे त्या भावाला कुणीतरी विकायला बसलाय, आणि त्याचा माल संपत आलाय. स्क्रीनवर दिसतं ते. दहा हजार शेअर विकायला, मग सहा, मग दोन. तो संपला की शेअर वर सुटतो. यालाच ब्रेकआउट म्हणतात. पण सुटताना सौदे भरभरून व्हायला पाहिजेत. भाव वर आणि सौदे तुरळक, तर समजायचं की कुणीतरी गंमत करतोय. आणि दुपारी एकनंतर सुटलेल्याला मी हात लावायचो नाही. सकाळचा ब्रेकआउट दिवसभर चालायला वेळ असतो, दुपारचा दमून बसतो.

हे सगळं मी स्वतः शिकलो. पण किती घ्यायचं, ते आत्याने शिकवलं.

पैसे लीलाधर भाऊंकडे मार्जिन, म्हणजे सौद्यांची अनामत, म्हणून ठेवायच्या आधी तिने एकच विचारलं होतं, एका दिवसात जास्तीत जास्त किती जाईल. मी म्हणालो, जाणारच नाही. तिने पैशाची पिशवी परत कमरेला खोचली.

"मी रोज गाडी भरते तं पयले हेच पाह्यते," ती म्हणाली. "आज ही बठ्ठी गाडी गटारीत उलटली तं किती जाईन? आठशे. तेवढे गेले तरी मी उद्या गाडी भरू शकते. तू मले तुह्या धंद्याची गाडी केवढी ते सांग."

मग तेच ठरलं. दिवसाला एक गाडी, आठशे रुपये. शेअर घेतला आणि तो चार रुपये पडला की चूक झाली असं धरायचं, तर दोनशेच घ्यायचे. आठ रुपये लागणार असतील तर शंभर. आणि दुसरं, घेतलेलं त्याच दिवशी विकायचं. आत्या चार वाजेनंतर भाव उतरवायला लागायची. दहाचे आठ, आठचे सहा. रात्री गाडी रिकामी झाल्याशिवाय ती घरी आलेली मला आठवत नाही. केळी रात्रभर ठेवली की काळी पडतात, मग फुकट दिली तरी लोक नाकं मुरडतात.

चार रुपये खालचा तो भाव, स्टॉपलॉस, मी लीलाधर भाऊंना मशीनमध्ये टाकायला लावायचो. एकदा टाकला की तो मुंबईच्या कम्प्युटरमध्ये जाऊन बसतो. इथे आपण चहा प्यायला गेलो, लीलाधर भाऊ झोपले, काही झालं तरी तिथला भाव आला की आपला माल विकला जातो. पाच आठवड्यांत मी तेवीस सौदे केले. नऊ चुकले. चुकले ते लहान चुकले. वर त्रेपन्नशे रुपये जमले. सतराशे राहिले होते, आणि फेब्रुवारीचे अठरा दिवस.

त्या ऑफिसात कौतिक नाना रोज यायचे. मूळचे धुळ्याकडचे, कापसाचे व्यापारी. सरकी काढायचा जिनिंगचा कारखाना मोठ्या मुलाकडे देऊन ते आता धाकट्याजवळ जळगावला राहत होते. पांढरी टोपी, चांदीची पानाची डबी. नाना तोट्यात कधीच विकायचे नाहीत. एका वर्षी भाव पडला तेव्हा त्यांनी दिवाळीपासून होळीपर्यंत कापूस घरात भरून ठेवला होता, बैठकीत, जिन्याखाली, पाहुण्यांच्या पलंगावरसुद्धा, आणि होळीला दीडपट भावाने विकला. ही गोष्ट ते आठवड्यातून एकदा तरी सांगायचे. शेअरचंही त्यांचं तसंच होतं. पडला तर पैसे भरून शेअर ताब्यात घ्यायचे आणि कपाटात ठेवून द्यायचे.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या बुधवारी माझा एक सौदा चुकला. खरं म्हणजे चुकला नाही, तेच तर डोक्यात गेलं. शेअर बरोबर माझ्या स्टॉपलॉसच्या भावाला आला, माझा माल विकला गेला, आणि तिथूनच उलटून तो नऊ रुपये वर गेला. एक पैसाही खाली गेला नाही. गेलेले आठशे आणि न मिळालेले हजार, अठराशेंचा फरक. त्या दिवशीच आत्याचे सात हजार पुरे झाले असते.

मी कागद चुरगळून खिडकीतून फेकला. कौतिक नाना डबी उघडत हसले.

"मुंबईवालासले तुना स्टॉप दिखस, पोऱ्या. तठे येतस, मारतस नी चालना जातस." मग बाकीच्यांकडे पाहून, "केळावालीनं पोर शे. जरा ऊन पडनं का घाबरी जास."

सगळे हसले. लीलाधर भाऊही हसले. मी काहीतरी शिवी दिली, नानांच्या वयाच्या माणसाला देऊ नये अशी, तरी ते हसतच राहिले. त्याचाच मला जास्त राग आला. भांडले असते तर बरं झालं असतं.

ऑफिसातले निम्मे लोक स्टॉपलॉस मशीनमध्ये टाकायचेच नाहीत. मुंबईवाल्यांना दिसतो, ही त्यांची खात्री होती. एका चिठ्ठीवर भाव लिहायचा आणि ती लीलाधर भाऊंच्या टेबलाच्या काचेखाली सरकवायची. भाव आला की भाऊ बटण दाबणार. मी यांना आतापर्यंत वेडं म्हणत आलो होतो.

गुरुवारी मी चिठ्ठी लिहिली.

रंगाच्या एका कंपनीचा शेअर होता. सकाळपासून दोनशे बाराला आपटून येत होता, चार वेळा. एक वाजून दहा मिनिटांनी दोनशे बारा तुटला. सौदे बघितले तर नेहमीच्या निम्मे. कागदावर टिंबं वर चढत होती, खाली सौद्यांच्या रेघा मात्र आखूड. मला दिसत होतं ते. एरवी मी पेन्सिल खाली ठेवली असती. पण मी मनात वेगळाच हिशेब केला. सहाशे शेअर घेतले तर तीन रुपयांत अठराशे सुटतात. एक सौदा, आणि मग कुणाचं हसणं ऐकायला या जिन्यावर पाय ठेवायचा नाही.

दोनशे तेराला सहाशे घेतले. चिठ्ठीवर लिहिलं, दोनशे नऊ. काचेखाली सरकवली. चार रुपये गुणिले सहाशे, म्हणजे तीन गाड्या. खाली आत्या गाडीवर पाणी शिंपडत होती. मी खिडकीतून पाहिलं आणि मागे झालो.

दीड वाजता भाव दोनशे साडेचौदा होता. मी पेन्सिलीने टिंब दिलं आणि त्याच वेळी लाईट गेली.

लाईट रोजच जायची, इन्व्हर्टर होता. पण लीलाधर भाऊंनी बॅटरीत पाणी भरलेलं नव्हतं. त्यांना कुणी तरी सांगितलंही होतं आठवड्यापूर्वी. इन्व्हर्टरने दोन मिनिटं शिट्टी मारली आणि स्क्रीन काळी झाली. आधी कुणाला काही वाटलं नाही. पंखा बंद झाल्यावर खालच्या रिक्षांचे हॉर्न ऐकू यायला लागले. भाऊ मुंबईला फोन लावत बसले. एंगेज. परत एंगेज. मी खाली उतरून कोपऱ्यावरच्या एसटीडीतून लावला. तिथूनही एंगेज. धावत वर आलो, परत खाली गेलो. तिसऱ्या वेळी आत्याने मला हाक मारून विचारलं, काय झालं. काही नाही म्हणालो.

सगळ्यात वाईट काय होतं, सांगतो. लाईट जळगावची गेली होती. मुंबईची नाही. स्टॉपलॉस मशीनमध्ये टाकलेला असता तर तो मुंबईत जागाच होता, इथे अंधार असो नाहीतर काही असो. माझा मात्र काचेखाली होता. मी तिथे उभा राहून ती चिठ्ठी वाचत होतो. माझंच अक्षर, दोनशे नऊ.

अडीचला लाईट आली. मशीन चालू व्हायला, छत्रीची लिंक लागायला आणखी दहा मिनिटं. पहिला भाव आला दोनशे तीन.

दोनशे नऊ कधी आला आणि गेला, कुणी पाहिलं नव्हतं. लीलाधर भाऊ माझ्याकडे वळले. बोट बटणावर होतं.

"निंबा, काय करू भो? दाबू का?"

सहा हजार जात होते. पाच आठवडे जमवलेले त्रेपन्नशे सगळे, आणि वर आत्याच्या पासष्टातले सातशे. एवढंच. आज हे लिहिताना एवढंच वाटतं. तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे फक्त ते तेवीस सौदे होते, एकेक करून पुसले जाताना. दोनशे रुपये, चारशे, साडेसहाशे.

"मंगळवारलोंग चार दिन शेतस," कौतिक नाना मागून म्हणाले. त्यांच्याकडेही तोच शेअर होता, दोन हजार. या वेळी ते हसत नव्हते, उलट समजावत होते. आठवड्याच्या सौद्यांचा हिशेब मंगळवारी व्हायचा, तोवर न विकता थांबता यायचं. "सौदा मंगळवारले पुरा करना शे. आज कसाले फेकस? कापूस कोनी फेकी देस का?"

"राहू द्या," मी भाऊंना म्हणालो.

बाजार बंद झाला तेव्हा दोनशे एक.

आत्याला मी संध्याकाळी सांगितलं. गाडीवर दोन डझन उरली होती, ती सहा रुपयांना देत होती. एक बाई पाच म्हणत होती. आत्याने पाचला दिली आणि मग माझ्याकडे वळली.

"किती घेतले व्हते?"

"सहाशे."

तिने मनात हिशेब केला असावा. ती शाळेत गेलेली नाही, पण हिशेब तिचा माझ्यापेक्षा पक्का.

"तीन गाड्या," ती म्हणाली. "आन् इकलं?"

"नाही."

तिने गाडीवरच्या गोणपाटाची घडी केली. मग म्हणाली, "सकाळी पयले जाऊन इक. भाव इचारू नको."

मी भाव विचारणार नव्हतो. सकाळी पावणेदहालाच जाऊन भाऊंच्या शेजारी उभा राहिलो. पण पेपरात आलं होतं की त्या कंपनीच्या मालकानेच आपले शेअर विकून टाकले. बाजार उघडला तो एकशे पंच्याऐंशीला, एका दिवसात जेवढं पडू देतात तेवढं खाली. आणि त्या भावाला घेणारा कुणी नव्हता. स्क्रीनवर डाव्या बाजूला घेणारे दिसतात, उजव्या बाजूला विकणारे. उजवीकडे चार लाख शेअर उभे होते. डावीकडे काहीच नाही, नुसती निळी जागा. माझे सहाशे त्या चार लाखांच्या मागे रांगेत लागले. दिवसभर रांग हलली नाही. मी त्या निळ्या जागेकडे साडेतीनपर्यंत पाहत होतो.

सोमवारी एकशे सत्तर. तसंच. रांग सात लाखांची. पाच मिनिटांनी टिंब द्यायचं तर कशाचं देणार, सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकच टिंब.

शनिवार-रविवारी आत्याने नेहमीसारखी गाडी लावली. सोमवारी ती घरी आली आणि जेवली नाही. आईने विचारलं, तब्येत बरी नाही का. आईला कुणी काही सांगितलेलं नव्हतं, पण आईला वास येतो. त्या दिवशी ती आत्याला एक शब्द वाकडा बोलली नाही. ते मला जास्त भीतीदायक वाटलं.

मंगळवारी एकशे सत्तावन. त्या दिवशी विकला गेला नाही तर सौदा पुरा धरला जाणार होता आणि मला एक लाख सत्तावीस हजार आठशे भरून शेअर ताब्यात घ्यावे लागणार होते. लीलाधर भाऊ माझ्याशी बोलेनासे झाले होते. तीन वाजून दहा मिनिटांनी डावीकडे एकदम आकडे आले. कुणीतरी मोठ्या प्रमाणात घ्यायला सुरुवात केली होती. रांग भराभरा सरकली. माझे सहाशे गेले. एकशे सत्तावन.

कौतिक नानांनी आपले दोन हजार विकले नाहीत. त्यांनी पैसे भरले आणि शेअर घरी नेले. त्यांच्या घरात जागा होती.

तेहतीस हजार सहाशे गेले. लीलाधर भाऊंनी दलाली कापून छत्तीस हजार आणि वर थोडे असे माझ्या हातात दिले. जिना उतरताना मला वाटलं, ही पिशवी घेऊन भुसावळला जावं, तिथून मिळेल त्या गाडीत बसावं. नुसतं वाटलं. आत्या खाली उभी होती. तिने पिशवी घेतली, न उघडता कमरेला खोचली, आणि एका गिऱ्हाइकाला डझनभर केळी मोजून दिली. मला वाटत होतं ती मारेल. मी गाडीच्या त्या बाजूला जाऊन उभा राहिलो, तिच्या हाताच्या टप्प्यात. तिने मारलं नाही.

मग ती त्या रेल्वेवाल्याकडे गेली, मी बरोबर होतो. दोन महिन्यांची मुदत मागितली. तो वाईट माणूस नव्हता. म्हणाला, अक्का, दोन महिन्यांत तुम्ही छत्तीस हजार आणणार कुठून? त्याला अठ्ठ्याहत्तर देणारं गिऱ्हाईक तयार होतं. बयाण्यातले पाचशे त्याने आपणहून परत दिले. परत येताना आत्या त्या ओट्यापाशी थांबली आणि नळाची तोटी घट्ट पिळून बंद केली, पाणी ठिबकत होतं.

एक मार्चपासून आईचं बोलणं पूर्वीसारखं सुरू झालं. आता त्यात माझंही नाव असायचं. मी ताट सरकवून उठणं सोडून दिलं. कोणत्या तोंडाने उठणार? ती बोलायची, मी जेवायचो. कुलूप आत्याने गाडीच्या चाकाला साखळी घालून लावलं. माझ्याकडची चावी मी तिला द्यायला गेलो. ती म्हणाली, ठेव, माही हरपली तं लागीन.

जूनमध्ये मी बाजार समितीत हमालीला लागलो होतो. एके दिवशी संध्याकाळी आत्याच्या गाडीपाशी आलो तर कौतिक नाना जिन्यावरून उतरत होते. हातात पेढ्यांचा खोका. रंगाच्या कंपनीचा शेअर दोनशे एकतीस झाला होता. नानांनी सगळे विकले होते.

"पाह्यं का?" ते म्हणाले. "मी काय सांगेल व्हतं तुले? धीर धरना पडस."

खोटं नव्हतं बोलत. मीही पाहत होतोच रोज पेपरात, एकशे साठ, एकशे नव्वद, दोनशे दहा. मला राग यायला पाहिजे होता. खोका उलटा करून त्यांच्या टोपीवर मारावा असा राग. मी वाट पाहिली, तो आला नाही. मी पेढा घेतला.

नाना रिक्षात बसून गेले. आत्याने विचारलं, कशाचा पेढा. मी सांगितलं. तिने तो घेतला, मोडला, अर्धा खाल्ला, अर्धा मला दिला. मग हात पदराला पुसले. गाडीवर तीन डझन उरली होती. तिने आठचा भाव उतरवून सहा केला आणि स्टेशनकडून येणाऱ्या माणसांना हाका मारायला लागली.